वेचणारे हात, सही करणारे हात



स्मृतिव्याख्यानाचा विषय सोज्वळ असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. संत घ्यावेत, स्वातंत्र्यलढा घ्यावा, फार तर पर्यावरण घ्यावं. आयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणाले, "बिअरच्या कारखान्यातली इंजिनिअर बाई." त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "मॅडम, पत्रिकेवर बिअर हा शब्द नाही छापला तर चालेल का जी?" चालेल म्हटलं. म्हणून पत्रिकेवर "किण्वन उद्योग आणि स्त्री" असं छापलं आहे. किण्वन म्हणजे आंबवणं. आता दारं लागली आहेत, तुम्ही बसला आहात, तेव्हा खरा विषय सांगायला हरकत नाही.

मी रसायन अभियांत्रिकी शिकले आणि नोकरीची बरीच वर्षं आंबवणाच्या टाक्यांच्या आसपास काढली. पण आज माझी कहाणी सांगायला उभी नाही. मला एकच गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे. मद्य तयार करण्याच्या कामात बाईचा हात अगदी सुरुवातीपासून आहे. तिची सही मात्र फार उशिरा आली. हात आणि सही यांच्या मधे जे अंतर आहे, ते कशानं पडलं? ते कोणी कापलं? आणि आपल्या गोंदिया जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध? एवढंच आजचं व्याख्यान.

पहिला मुद्दा हाताचा.

मार्च लागला की आपल्याकडे मोह फुलतो. फुलं रात्री, पहाटे गळतात. उजाडायच्या आत सालेकसा, देवरी, सडक अर्जुनीच्या रानात बाया टोपल्या घेऊन पोचलेल्या असतात. कमरेत वाकून एकेक फूल वेचायचं. त्याच वेळी अस्वलालाही मोहफूल हवं असतं, आणि रानात वाघही असतो. विदर्भात मोहफुलं वेचायला गेलेली बाई परत आली नाही, अशी बातमी जवळजवळ दर उन्हाळ्यात आपण वाचतो. वाचतो आणि पान उलटतो.

वेचलेलं फूल अंगणात वाळतं. ताज्या फुलात बहुतांश पाणी असतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात मात्र निम्म्याहून जास्त साखरच असते. हे फूल भिजवून ठेवलं की त्याचा सडवा होतो. हवेतले आणि फुलावरचे सूक्ष्मजीव ती साखर खातात, त्यातून मद्यार्क आणि कार्बन डाय ऑक्साइड तयार होतो. शाळेतल्या मुलांसाठी हिशेब सांगते: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू. म्हणजे जवळपास निम्मी साखर बुडबुडे होऊन उडून जाते.

आता मला सांगा, सडवा तयार झाला हे ठरवणाऱ्या आजीकडे काय असतं? थर्मामीटर नाही, हायड्रोमीटर नाही. ती वास घेते, फेस बघते, मडक्याला कान लावते. थंडीत जास्त दिवस लागतात हे तिला ठाऊक असतं. मागच्या मडक्यातलं थोडं नव्यात घातलं की काम लवकर होतं, हेही ठाऊक असतं. विरजण लावणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. कारखान्यात आम्ही याच कृतीला यीस्टचं पुनर्वापर-चक्र म्हणतो आणि त्यावर तक्ते भरतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. शेजारच्या छत्तीसगडमधल्या बस्तरमध्ये तांदळाचा लांदा, झारखंडात हंडिया. बाजारच्या दिवशी हंडी घेऊन बसलेली बहुतेक बाईच असते. चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेर देशात बिअरची देवता होती निन्कासी, म्हणजे देवीच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरी एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, बनवून विकणाऱ्या बायकाच होत्या.

आणि आपल्याकडचा जुना कागद काय सांगतो? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मद्य कुठे गाळावं, कुठे विकावं, दुकान कसं असावं, सगळं त्यात आलं आहे. त्यात एक छोटी सूचना आहे: सुरेचं आणि तिच्या आंबवणाचं साहित्य जमवण्याचं काम स्त्रियांनी आणि मुलांनी करावं. बघा, कामाची वाटणी किती जुनी आहे. साहित्य जमवायला बाया आणि पोरं. अध्यक्ष मात्र सुराध्यक्ष!

मग बाई मागे कधी सरली? जिथे जिथे या धंद्यात भांडवल आलं, परवाना आला, मोठं भांडं आलं, तिथे तिथे ती मागे सरली. इंग्लंडमध्ये बिअर टिकाऊ झाली, लांब पाठवता येऊ लागली, कारखाने मोठे झाले, तशी एलवाली बाई बाजारातून गेली. आपल्याकडे इंग्रजांची आबकारी आली, गाळण्याचा हक्क लिलावात गेला, आणि घरातलं मडकं गुन्हा ठरलं. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात तर मोहफुलांवरच कायदा झाला. फूल जवळ बाळगण्यावर सरकारचं नियंत्रण आलं. लिलावात बोली लावायला पैसा आणि ओळख लागते. टोपली घेऊन रानात जाणाऱ्या बाईकडे दोन्ही नव्हतं. तिचं ज्ञान कमी पडलं म्हणून ती बाहेर गेली नाही. कागद तिच्या नावावर नव्हता म्हणून गेली.

दुसरा मुद्दा दाराचा.

इथे मला एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. त्या आपल्या जिल्ह्याच्या नाहीत, मराठीही नाहीत आणि, काटेकोर बोलायचं तर, पदवीनं इंजिनिअरही नाहीत. तरीसुद्धा या विषयावर बोलायचं आणि त्यांना वगळायचं, हे शक्य नाही. त्या म्हणजे बायोकॉनच्या संस्थापक किरण मजुमदार-शॉ.

त्यांचे वडील रसेंद्र मजुमदार युनायटेड ब्रुअरीज या बिअर कंपनीत मुख्य ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवण्याच्या कामाचे प्रमुख, होते. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, ते जमलं नाही. १९७३ मध्ये बेंगळुरू विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेतली. वडिलांनी सुचवलं, किण्वनशास्त्र शिक, ब्रूमास्टर हो. कल्पना करा, साल १९७४. त्या ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटला गेल्या. त्या अभ्यासक्रमात त्या एकट्याच मुलगी होत्या, आणि वर्गात पहिल्या आल्या. मेलबर्नमध्ये कार्लटन अँड युनायटेड ब्रुअरीजमध्ये उमेदवारी केली, माल्ट तयार करणाऱ्या कंपनीतही केली. १९७५ मध्ये प्रशिक्षित ब्रूमास्टर होऊन त्या भारतात परतल्या.

आता सांगा, काय व्हायला हवं होतं? वडील या धंद्यातले मोठे नाव. हातात परदेशी प्रशिक्षण. त्यात वर्गातला पहिला नंबर. मागणी यायला हवी होती की नाही?

कोलकात्यात सल्लागाराचं काम मिळालं, बडोद्यात माल्टच्या कंपनीत तांत्रिक व्यवस्थापकाचं मिळालं. पण ज्यासाठी शिकल्या ते ब्रूमास्टरचं पद काही मिळेना. हे पुरुषांचं काम आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. परीक्षेत पहिली आलेली चालते, पण टाक्यांची जबाबदारी तिच्या हाती द्यायला कोणी धजत नाही! शेवटी त्या स्कॉटलंडला नोकरीला निघाल्या होत्या. तेवढ्यात आयर्लंडमधल्या बायोकॉन बायोकेमिकल्स या कंपनीचे लेस्ली ऑचिनक्लॉस यांच्याशी गाठ पडली. त्यांना भारतात एन्झाइम बनवणारा भागीदार हवा होता.

१९७८. वय पंचवीस. बेंगळुरूत भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये बायोकॉन सुरू झाली, भांडवल दहा हजार रुपये. तेव्हाच्या परकीय चलन कायद्यामुळे परदेशी कंपनीच्या वाट्यावर मर्यादा होती, म्हणून सत्तर टक्के मालकी किरण यांच्याकडे राहिली. बँका कर्ज द्यायला कचरत. बाईच्या हाताखाली काम करायला माणसं कचरत. पहिला कर्मचारी मिळाला तो एक निवृत्त गॅरेज मेकॅनिक.

आणि पहिला माल कोणता? इथे जरा थांबते, कारण इथेच खरी गंमत आहे. पहिला माल होता पपेन, म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम. दुसरा आयसिंग्लास, माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ. दोन्ही कशाला लागतात? बिअर नितळ करायला! बिअर थंड केली की त्यातली प्रथिनं गढूळपणा आणतात. पपेन ती प्रथिनं तोडतं. आयसिंग्लास यीस्टचे कण गोळा करून तळाशी बसवतं. ज्या धंद्यानं या बाईला टाकीपाशी उभं केलं नाही, त्याच धंद्याची बिअर नितळ करणारं रसायन ती गॅरेजमध्ये बसून बनवत होती आणि अमेरिकेला, युरोपला पाठवत होती.

पुढचा प्रवास तुम्हाला माहीत आहे. २००४ मध्ये बायोकॉन शेअर बाजारात आली, त्याच वर्षी त्यांचं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. हे इन्सुलिन कशात बनतं? पिचिया नावाच्या यीस्टमध्ये. यीस्ट वाढवायचं, त्याचं तापमान सांभाळायचं, हवा द्यायची, टाकी निर्जंतुक ठेवायची. बॅलरॅटला शिकलेली विद्याच ती! बिअर मागे पडली, विद्या पुढे गेली. या सभागृहातही मधुमेहाची इंजेक्शनं घेणारे काही जण असतील. यीस्टचे आभार आपण मानत नाही, एवढंच.

पण ही गोष्ट ऐकून "बघा, जिद्द असली की काहीही होतं" असं म्हणून कृपया घरी जाऊ नका. मला त्या वाक्याची भीती वाटते. एका किरण मजुमदारनं स्वतःचं दार बांधलं. ज्यांच्या वडिलांना धंदा माहीत नव्हता, ज्यांना बॅलरॅट परवडत नव्हतं, त्यांचं काय? त्यांच्यासमोरचं दार बंद होतं, आणि त्या दाराला कायद्याचं कुलूप होतं.

कोणतं कुलूप? १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ६६. कारखान्यात बाईनं सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत काम करावं. राज्य सरकार थोडी ढील देऊ शकत होतं, पण रात्री दहा ते पहाटे पाच, अजिबात नाही. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य. पण यीस्टला कारखाने अधिनियम माहीत नाही! ते रात्रीही काम करतं, दिवाळीलाही करतं, निवडणुकीच्या दिवशीही करतं. किण्वनाचा कारखाना चोवीस तास चालतो. जिनं रात्रपाळी केली नाही ती शिफ्ट इनचार्ज होत नाही. शिफ्ट इनचार्ज झाली नाही ती प्रॉडक्शन मॅनेजर होत नाही. मग तिला कुठे बसवायचं? प्रयोगशाळेत. नमुने तपासायला. पुन्हा गोळा करणं आणि निवडणं. निर्णय दुसऱ्याचा. कौटिल्याच्या काळची वाटणी पांढरा कोट घालून परत आली.

मलाही एका मुलाखतीत विचारलं होतं, "रात्रीचं घरचे सोडतील का?" माझ्याबरोबर मुलाखतीला आलेल्या मुलांपैकी कोणाला हा प्रश्न विचारल्याचं मी ऐकलं नाही.

हे कुलूप हळूहळू उघडलं. २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रात्रपाळीची ही बंदी घटनेविरुद्ध ठरवली. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली आणि सुरक्षिततेच्या अटींवर बायकांना रात्रपाळी खुली केली. मधे, २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा अनुज गर्ग खटल्याचा निकाल आला. जिथे लोक बसून मद्य पितात अशा ठिकाणी बायकांना नोकरीला ठेवू नये, असं तेव्हा दिल्लीत लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब आबकारी कायद्यात कलम होतं. न्यायालयानं ते टिकू दिलं नाही. तर्क साधा होता. बाईला धोका आहे म्हणून तिची नोकरी काढून घेऊ नका, धोका काढा. मला वाटतं, हा एक तर्क आपण घराघरात पोचवला, तर निम्मं काम होईल.

तिसरा मुद्दा प्रत्यक्ष कामाचा.

बिअरच्या कारखान्यात इंजिनिअर करतो काय? लोकांना वाटतं, दिवसभर चव घेत बसतो. माझ्या मावशीला तर अनेक वर्षं तेच वाटत होतं, आणि तिनं ते नातेवाइकांना सांगितलंही होतं.

खरं काम आहे तापमानाचं, पाण्याचं आणि वेळेचं. जवाला मोड आणून, वाळवून माल्ट करतात. माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवलं की धान्यातली एन्झाइमं स्टार्चची साखर करतात. साधारण ६२ ते ६५ अंशांना एक एन्झाइम जोरात असतं, ७० च्या पुढे दुसरं. तीन-चार अंश इकडेतिकडे झाले, तर बिअर पातळ की अंगची भरदार, हे बदलतं. मग तो गोड रस, ज्याला वॉर्ट म्हणतात, गाळायचा, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचा, झपाट्यानं थंड करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. यीस्ट स्वतः उष्णता सोडतं; टाकीला थंडावा दिला नाही तर ते भलत्याच वासांची रसायनं बनवतं.

यात आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे: तांदूळ. आपल्या देशातल्या बऱ्याच बिअरमध्ये जवाबरोबर तांदूळ असतो, आणि तो अख्खा दाणा नसतो, तर कनकी असते किंवा तांदळाचे पोहे. गोंदियाच्या राईस मिलमध्ये धान भरडलं की जी कनकी पडते, तीच. पण तांदळाचा स्टार्च जवाच्या स्टार्चपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. म्हणून कनकी वेगळ्या भांड्यात आधी उकळून घ्यावी लागते, मगच ती माल्टमध्ये मिसळायची. भात आधी शिजला पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण किती मिनिटं, किती घट्ट, ढवळणाऱ्या मोटरवर किती भार येईल, भांड्याच्या तळाला लागू नये म्हणून वाफ कुठून द्यावी, हे ठरवणं म्हणजे इंजिनिअरिंग.

"बायकांना जड काम जमेल का?" हा प्रश्न अजून विचारला जातो. जड काम पंप करतात. पोती एलिव्हेटर चढवतो. टाकी पाइपातून कॉस्टिक फिरवून धुतली जाते. माणसाला करावं लागतं ते जबाबदारीचं काम. सांगते कोणतं. रिकाम्या टाकीत माणूस उतरवायचा असतो, तेव्हा आत कार्बन डाय ऑक्साइड साचलेला असू शकतो. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही. तळाशी बसून राहतो. आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला धावलेला दुसराही कोसळतो. म्हणून आधी वारा सोडायचा, वायू मोजायचा, बाहेर माणूस उभा करायचा, आणि मग परवानगीच्या कागदावर सही करायची. त्या सहीत एका माणसाचा जीव असतो. त्या सहीला दंड लागत नाही. डोकं लागतं, आणि "नाही, आज कोणी उतरणार नाही" असं मोठ्या साहेबाला सांगायची छाती लागते.

आणि पाणी. एक लिटर बिअर बनवायला कारखान्यात साधारण चार ते सहा लिटर पाणी जातं. उत्तम चालवलेल्या कारखान्यात त्याहून कमी. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात बिअरचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करायला लावली. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी जात होतं. तेव्हा बाटली धुतलेलं पाणी परत कुठे वापरायचं, गरम पाणी वाया न घालवता त्याची उष्णता कशी काढून घ्यायची, सांडपाण्यातून बायोगॅस कसा मिळवायचा, हे कारखान्याच्या जगण्यामरण्याचे प्रश्न झाले. ज्या घरात पाणी बाई भरते, त्या समाजात पाण्याच्या हिशेबाला बाई बसवायला कोणाची हरकत असावी?

आता चौथा मुद्दा. तो मी टाळला तर तुम्ही मला माफ करू नका.

तुमच्यापैकी काही जणी मनात म्हणत असतील, बाई हुशार आहे, पण बोलते दारूबद्दल. आमच्या घरात दारूनं काय केलं ते हिला काय माहीत! बरोबर आहे तुमचं. शेजारच्या गडचिरोलीत बायकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या लढ्यातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. त्यावर आजही दोन तट आहेत. आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला, तर दारूचं दुकान बंद होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद, हे मतदान आपण पाहिलं आहे. उन्हातान्हात रांगेत उभं राहून बाटली आडवी करणाऱ्या बायांना माझा नमस्कार.

मग मी या बाजूला आणि त्या बाया पलीकडच्या बाजूला, असं आहे का? मी यावर बरीच वर्षं विचार केला आहे. "आम्ही फक्त बनवतो, पिणारा जबाबदार", हे धंद्याचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. जो वस्तू बनवतो, तो तिच्या परिणामातून सुटत नाही. पण दुसरी बाजूही बघा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल होतं त्यात. ते मरण मोजमाप नसलेल्या दारूचं होतं, लपूनछपून विकलेल्या दारूचं होतं. गरिबाच्या पेल्यात काय आहे हे तपासणारं कोणी नसणं, हीही एक हिंसाच आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे. मतपेटीपाशी बाटली आडवी करणारी बाई आणि टाकीपाशी बॅच नापास करणारी बाई, दोघी एकच हक्क वापरतात: निर्णयाचा. दोघींनाही हा हक्क शतकानुशतकं नव्हता. पहिलीनं तो वापरला की आपण टाळ्या वाजवतो. दुसरीनं वापरला की आपण तिला विचारतो, "तुला दुसरी नोकरी नव्हती का गं?" मुलगा बिअर कारखान्यात लागला की पेढे वाटतात, "केमिकल कंपनीत आहे" असं सांगून लग्नंही जमवतात. मुलगी लागली की अचानक सगळ्यांना गांधीजी आठवतात!

आणि किण्वन म्हणजे फक्त दारू नव्हे. इन्सुलिनचं सांगितलंच. व्हिनेगर, पाव, दही, कितीतरी प्रतिजैविकं, सगळं याच घराण्यातलं. नाशिकमध्ये योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी मधापासून मीड हे मद्य बनवण्याचा स्वतःचा उद्योग उभा केला आहे. ग्लासातली वस्तू कोणाला पटेल, कोणाला नाही. पण महाराष्ट्रातल्या दोन बायकांनी शास्त्र शिकून स्वतःच्या नावाची टाकी उभी केली, ही घटना मला मोठी वाटते. १९७५ मध्ये जे पद मिळालं नाही, ते इथे कोणाकडे मागावंच लागलं नाही.

शेवटचा मुद्दा आपला जिल्हा.

१९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळे झालो. तेव्हापासून आपण काय पाठवतो बाहेर? तांदूळ पाठवतो, कनकी पाठवतो, मोहफूल पाठवतो. आणि मुली पाठवतो, बारावीनंतर, नागपूर-पुण्याला. कनकी, फूल, मुली, तिन्हींची पुढची किंमत दुसरीकडे ठरते. मोहफुलाचं तर असं की हंगामात जे वाळलं फूल बाई पडत्या भावानं विकते, तेच पावसाळ्यात तिला चढ्या भावानं विकत घ्यावं लागतं. का? साठवायची सोय नाही. ओल धरली की फूल काळं पडतं, बुरशी येते.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहतूक करणं यांवरचे निर्बंध सैल केले. कुलूप निघालं. पण दार ढकलायला कोणीतरी लागतं की नाही? इथे कोणती इंजिनिअरिंगची कामं पडून आहेत, पटकन सांगते. झाडाखाली जाळी बांधली तर फूल मातीत पडत नाही, खाण्याच्या दर्जाचं राहतं. छत्तीसगड-मध्य प्रदेशात हे होतं आहे. जाळी असली की फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळावा लागत नाही, वणवा थांबतो. अंधारात एकटीनं वाकून वेचणंही कमी होतं. सौर वाळवणी आहे. ओलावा मोजणारं साधं यंत्र आहे. हवाबंद साठवण आहे. त्याच फुलापासून सरबत, मनुका, लाडू, व्हिनेगर आहे. यातलं काहीच दारू नाही, पण प्रत्येकाला रसायन अभियंता लागतो.

आणि तो, किंवा ती, घडवायची सोय लांब नाही. नागपूरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जे आता विद्यापीठ आहे, १९४२ पासून उभं आहे, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथे मद्यार्क तंत्रज्ञान शिकवतात. मुंबईला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, तिची एक शाखा जालन्यात आहे. या संस्थांमध्ये गोंदिया जिल्ह्याच्या मुली आजही जातात. प्रश्न त्यांच्या जाण्याचा नाही. त्यांना परत येण्यासारखं इथे काय आहे, याचा आहे.

म्हणून तीन मागण्या करते आणि थांबते. आईबापांना: मुलीला विचारू नका की रात्रपाळी आहे का, कंपनीला विचारा की रात्री घरी सोडायला गाडी आहे का. इथल्या महाविद्यालयांना: किण्वनाची एक छोटी प्रयोगशाळा उभी करा, पन्नास लिटरची टाकी पुरे, आणि तिच्यात पहिली बॅच व्हिनेगरची काढा म्हणजे कोणाची तक्रार येणार नाही. बचत गटांच्या बायांना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना: मोहफुलाच्या कोणत्याही योजनेत वेचणाऱ्या बायांची संख्या मोजता, ती मोजाच, पण साठवणगृहाची किल्ली आणि बँक खात्यावरची सही कोणाकडे आहे, हेही अहवालात लिहा. जिथे ती सही बाईची नाही, तिथे काम कौटिल्याच्या काळातलंच चाललं आहे, असं समजा.

माझा वेळ संपला. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी थोडा अवधी ठेवला आहे. पहिला प्रश्न दारूबंदीसाठी काम करणाऱ्या ताईंनी विचारावा अशी माझी विनंती आहे. सोपा विचारू नका.